रूपाचे स्वातंत्र्य आणि आधाराची सत्ता

दिसणे आणि असणे यांचा परस्परसंबंध हा तत्त्वचिंतनाचा फार जुना विषय आहे. वैशेषिकांनी द्रव्य आणि गुण असा भेद करून द्रव्याच्या आश्रयावाचून गुणाला अस्तित्व नाही असे प्रतिपादन केले. अ‍ॅरिस्टॉटलने वस्तूचे सारतत्त्व आणि तिचे आगंतुक धर्म वेगळे काढले. अद्वैत वेदान्ताने नामरूपांच्या साऱ्या पसाऱ्यामागे एकच अधिष्ठान मानले, म्हणजे ज्याच्या आधाराने सर्व रूपे भासतात पण जे स्वतः कोणत्याही रूपावर अवलंबून नसते असे मूळ. या भेदाचे एक अर्वाचीन उदाहरण संगणकाच्या पडद्यावर सापडते. पडद्यावरील खिडक्या, बटणे, आयकॉन, घड्याळे आणि पट्ट्या यांचे रूप हवे तसे पालटून देणारी सॉफ्टवेअरे एका बाजूला आहेत आणि त्या साऱ्यांना आधार देणारी ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या बाजूला. पहिल्यांची धाव दुसरीच्या हद्दीत कोठवर जाते, हा वरकरणी तांत्रिक प्रश्न आहे. परंतु त्याच्या पोटात, जे रूप आपण मनाप्रमाणे बदलू शकतो त्याच्या आधारावर आपली सत्ता नसेल तर त्या मोकळिकीला स्वातंत्र्य म्हणावे काय, हा अधिक मूलगामी प्रश्न दडलेला आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे इतर सर्व प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभी असलेली व्यवस्था होय. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायचा, मेमरीचा कोणता भाग कोणाच्या वाट्याला यायचा, डिस्कवरची फाइल कोणी उघडायची आणि कोणाला ती उघडू द्यायची नाही, हे निर्णय तिच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात तेथे, होतात. ही अधिकारविभागणी केवळ संकेत म्हणून पाळली जात नाही, तर प्रोसेसरच्या घडणीतच ती बसवलेली असते. इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरात अधिकाराच्या चार पातळ्या होत्या आणि विंडोज व लिनक्स यांनी त्यांपैकी दोनच वापरात आणल्या. सर्वांत आतली पातळी कर्नलसाठी आणि सर्वांत बाहेरची उरलेल्या सर्व प्रोग्रॅमसाठी. बाहेरच्या पातळीवरील प्रोग्रॅमला फाइल वाचायची असो वा पडद्यावर एक रेघ उमटवायची असो, यंत्राला थेट हात लावता येत नाही. त्याला आतल्या पातळीकडे विनंती करावी लागते आणि ती मान्य करणे वा नाकारणे आतल्या पातळीच्या हाती असते. या विनंतीला सिस्टिम कॉल असे नाव आहे.

पडद्याचे रूप बदलणारी सॉफ्टवेअरे या बाहेरच्या पातळीवर राहतात. कागदपत्रे मांडलेल्या टेबलाची कल्पना पडद्यावर उतरवून १९८१ साली झेरॉक्सच्या स्टार या संगणकाने डेस्कटॉप बाजारात आणला, १९८४ साली मॅकिंटॉशने तो लोकप्रिय केला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाल्यावर एकाच साच्याचा पडदा सर्वांना पुरेना. विंडोजच्या खिडक्यांची चौकट आणि बटणे यांचा कायापालट करणारे विंडोब्लाइंड्स १९९८ साली आले. पडद्यावर घड्याळे, मापके आणि माहितीचे फलक मांडू देणारे रेनमीटर २००१ पासून विकसित होत गेले. लाइटस्टेपसारख्या प्रोग्रॅमांनी तर विंडोजचे संपूर्ण बाह्य आवरणच, म्हणजे ज्याच्यात टास्कबार आणि स्टार्ट मेनू राहतात तो शेल, बदलून दाखवला. या साधनांमागे कल्पकता होती, सौंदर्यदृष्टी होती आणि रोज ज्या वस्तूशी आपला व्यवहार आहे ती आपल्या मनासारखी असावी ही स्वाभाविक मानवी इच्छाही होती. त्या इच्छेला क्षुद्र लेखणे गैर ठरेल.

या साधनांची मर्यादा नेमकी कशी असते हे रेनमीटरच्या एका साध्या मापकावरून स्पष्ट होते. प्रोसेसरवर किती भार आहे हे दाखवणारे हे मापक वापरणाऱ्याला हव्या त्या रूपात मांडता येते. ते काट्याचे असेल, भरत जाणाऱ्या पट्टीचे असेल किंवा नुसत्या आकड्यांचे असेल, त्याचा रंग, आकार आणि जागा यांत कोणाची आडकाठी नाही. मात्र जो आकडा ते दाखवते तो त्याने स्वतः मोजलेला नसतो, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून मिळवलेला असतो. इतकेच नव्हे, तर तो आकडा विचारण्यासाठी आणि काटा हलवण्यासाठी रेनमीटरला प्रोसेसरचा जो वेळ लागतो, तोही कर्नलने दिला तरच मिळतो, आणि त्या वेळेचा भार पुन्हा त्याच आकड्यात जमा होतो. म्हणजे जे दाखवले जाते त्याच्याच कृपेवर दाखवणारा जगत असतो. काटा कितीही सुंदर केला तरी भार कमी होत नाही, मंद संगणक वेगवान होत नाही. रूपाच्या पातळीवर केलेली कोणतीही क्रिया आधाराच्या पातळीवरील वस्तुस्थिती हवी तशी बदलू शकत नाही, हे येथे प्रत्यक्ष पाहता येते.

ही मर्यादा कौशल्याच्या अभावातून आलेली नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. अधिक कुशल प्रोग्रॅमर आला तर तो अधिक खोल जाईल, विनंत्यांच्या वाटेत मध्येच उभा राहून त्यांची उत्तरे बदलील, प्रणालीच्या फाइलींतही फेरफार करील; विंडोज एक्सपीच्या काळात असे घडलेही. २००१ साली आलेल्या त्या प्रणालीत थीमची सोय होती, परंतु मायक्रोसॉफ्टची अंकीय स्वाक्षरी नसलेली थीम ती स्वीकारत नसे, म्हणून हौशी लोकांनी ती तपासणी करणारी फाइलच बदलण्याचा मार्ग काढला. पण प्रणालीचे पुढचे अपडेट ती फाइल पूर्ववत करू शकत असे आणि मग सारी खटपट नव्याने करावी लागे. बाहेरून आत शिरणाऱ्याचे प्रत्येक यश अशा रीतीने तात्पुरते असते, कारण ज्या भूमीवर तो उभा आहे ती बदलण्याचा अधिकार दुसऱ्याकडे राहतो.

येथवरचे विवेचन वाचून, आधार तेवढा सत्य आणि रूप म्हणजे निव्वळ भास, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. अद्वैत परंपरेने सत्तेचे, म्हणजे असण्याचे, तीन स्तर मानले आहेत: दोरीवर दिसणाऱ्या सापासारखे जे ज्ञान होताच नाहीसे होते ते प्रातिभासिक; ज्यावर नित्याचे जग चालते ते व्यावहारिक; आणि ज्याचा कशानेही बाध होत नाही ते पारमार्थिक. पडद्याचे रूप या मांडणीत पहिल्या स्तरावर बसत नाही. मंद दृष्टीच्या माणसाने अक्षरे मोठी केली आणि पार्श्वभूमी काळी केली, तर त्याला खरोखरच वाचता येऊ लागते; ठळक रंगभेदामुळे एखाद्याची चूक टळते. रूपातील बदलाला व्यवहारात फळ आहे आणि ज्याला फळ आहे ते मिथ्या म्हणून झटकून टाकता येत नाही. प्रश्न रूपाच्या खरेपणाचा नसून त्या खरेपणाच्या क्षेत्राचा आहे. रूप आपल्या क्षेत्रात प्रमाण असते. ते क्षेत्र ओलांडून आधाराचे काम त्याच्यावर सोपवले की घोटाळा सुरू होतो.

या घोटाळ्याचा एक मोठा अनुभव मराठी भाषेच्याच पदरी आहे. ऑपरेटिंग सिस्टिमना देवनागरी ठाऊक नव्हती त्या काळात मराठी मजकूर संगणकावर आणण्यासाठी एक युक्ती सर्रास वापरली गेली. रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी अक्षरांची आणि अक्षरखंडांची चित्रे बसवलेले फाँट तयार झाले, आणि पुस्तके, नियतकालिके, लग्नपत्रिका, कार्यालयीन पत्रे यांची अक्षरजुळणी त्यांतून होऊ लागली. डोळ्यांना पडद्यावर निर्दोष मराठी दिसत असे. संगणकाच्या लेखी मात्र तो मजकूर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक माळ होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की ही माळ उघडी पडे. अकारविल्हे लावू गेल्यास शब्द रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांनुसार लागत, एका फाँटमधला शब्द दुसऱ्या फाँटमधल्या मजकुरात शोधला तर सापडत नसे, आणि त्या काळात साठवलेले कितीतरी साहित्य आजही रूपांतर केल्याशिवाय वापरता येत नाही.

या फाँटनी मराठीची फसवणूक केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कागदाला फक्त रूप लागते आणि छपाईपुरते ते रूप त्यांनी उत्तम पुरवले. त्यांच्याशिवाय मराठी मुद्रणव्यवसाय संगणकयुगात इतक्या लवकर आला नसता. परंतु शोध घेणे, क्रम लावणे, शुद्धलेखन तपासणे, मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सुरक्षित नेणे या गोष्टी रूपाच्या नसून आधाराच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी 'क' हे अक्षर 'क' म्हणूनच यंत्राला कळणे आवश्यक होते. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतप्रणालीने आणि तिच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेल्या, युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या देवनागरी विभागाने हा पाया घातला. २००० साली आलेल्या विंडोजने त्याला प्रणालीतच स्थान दिले, ज्यामुळे जोडाक्षरे कशी घडवायची हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंगभूत यंत्रणेकडे आले. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतला फरक येथे पाहण्यासारखा आहे. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात मराठीचा खास अर्धा र आहे. पहिला शब्द गुरुजनांविषयी बोलतो, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांविषयी. युनिकोडमध्ये हा भेद दोन वेगळ्या अक्षरक्रमांनी साठवला जातो, म्हणून तो फाँट बदलला तरी टिकतो, शोधातही टिकतो. पडद्याचे रूप पालटणारी कोणतीही थीम हा भेद निर्माण करू शकली नसती, कारण तो दिसण्यात प्रकट होत असला तरी दिसण्यात राहत नाही.

आता मर्यादेच्या नैतिक बाजूकडे वळणे क्रमप्राप्त आहे. आधाराभोवती घातलेले कुंपण नेहमी सत्तालोभातूनच येते असे नाही. खिडकी सुंदर करण्यासाठी जे सॉफ्टवेअर इतर प्रोग्रॅमांच्या विनंत्या वाटेत अडवते, त्याच तंत्राने दुसरे एखादे सॉफ्टवेअर बँकेचा पासवर्ड चोरू शकते. प्रणालीला हेतू दिसत नाही, कृती दिसते. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांत २००५ पासून कर्नलमध्ये बाहेरून फेरफार करण्यास बंदी आली आणि अ‍ॅपलने २०१५ साली प्रणालीच्या फाइलींभोवती असे संरक्षण उभारले की सर्वाधिकार असलेल्या खात्यालाही त्या सहज बदलता येऊ नयेत, त्यामागे ही रास्त भीती होती. भारतीय नीतिविचारात मर्यादा हा शब्द बंधनाइतकाच शिष्टतेचा आणि रक्षणाचाही आहे. तथापि प्रत्येक मर्यादेला दोन प्रश्न विचारावे लागतात: ती कोणाच्या रक्षणासाठी आहे, आणि जिच्या रक्षणासाठी आहे त्या व्यक्तीला समजून-उमजून ती शिथिल करता येते काय. अ‍ॅपलच्या मॅकवरील ते संरक्षण संगणकाच्या मालकाला विशिष्ट पद्धतीने बंद करता येते. म्हणून ते पालकत्वाच्या जवळ जात असले तरी मालकाचा अंतिम शब्द काढून घेत नाही. ज्या मर्यादेला अशी वाट ठेवलेली नसते, ती रक्षण करत असतानाच वापरणाऱ्याला कायमचा अज्ञान ठरवते.

येथे स्वातंत्र्याच्या संकल्पनेचा विचार करावा लागतो. आयझाया बर्लिन यांनी १९५८ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले. एक, इतरांचा अडथळा नसणे, आणि दुसरा, स्वतःचे नियंते स्वतः असणे. फिलिप पेटिट यांनी १९९७ साली प्रजासत्ताकवादावरील ग्रंथात त्यात मोलाची भर घातली. त्यांच्या मते दयाळू धन्याचा गुलाम, धन्याने एकदाही अडवले नाही तरी, स्वतंत्र नसतो, कारण अडवण्याची ताकद धन्याकडे कायम असते आणि ती वापरायची की नाही हे धन्याच्या मर्जीवर असते. या देशाच्या इतिहासात १९१९ च्या सुधारणा कायद्याने आलेली द्विदल राज्यपद्धती याच कसोटीला उतरली नाही. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपीव म्हणून दिली गेली, अर्थ आणि पोलीस ही राखीव राहिली, आणि गव्हर्नराला मंत्र्यांचा निर्णय फिरवण्याचा अधिकार उरला. सोपीव खात्यांत झालेले काम खोटे नव्हते. तरीही त्या व्यवस्थेला कोणी स्वराज्य म्हटले नाही. पडद्याचे रूप बदलण्याची मुभा ही संगणकाच्या व्यवस्थेतील सोपीव खात्यांसारखी आहे.

दोन घटना शेजारी ठेवल्या की हा फरक ठळक होतो. २०१२ सालच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ८ मधून स्टार्ट बटण आणि त्यामागचा मेनू काढून टाकण्यात आला. असंख्य वापरकर्त्यांना तो बदल रुचला नाही. क्लासिक शेल, स्टार्ट८ अशा सॉफ्टवेअरांनी जुन्या मेनूसारखा मेनू पडद्यावर पुन्हा उभा केला. पण ती बाहेरून केलेली प्रतिकृती होती. मूळ प्रणालीत बटण परत आले ते २०१३ च्या ८.१ या आवृत्तीत, आणि पूर्ण मेनू परत आला तो २०१५ च्या विंडोज १० मध्ये, म्हणजे कंपनीने ठरवले तेव्हा. पुढे २०२१ साली विंडोज ११ आले तेव्हा टास्कबार पडद्याच्या वरच्या वा बाजूच्या कडेला नेण्याची जुनी सोय त्यात नव्हती.

याच्या उलट लिनक्सच्या जगात २०११ च्या एप्रिलमध्ये नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि तिनेही जुनी मांडणी अशीच मोडीत काढली. नाराजी तेथेही उसळली. परंतु नोमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्या मानवी वाचनीय सूचनांपासून घडतो तो मूळ मजकूर, मुक्त परवान्याखाली होता. म्हणून जुन्या आवृत्तीचा कोड घेऊन त्याच वर्षी माटे नावाचा स्वतंत्र डेस्कटॉप सुरू झाला आणि तो आजवर चालू आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून पुढे आलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या विचारात चार हक्क सांगितले जातात: प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवणे, तो अभ्यासणे व बदलणे, त्याच्या प्रती इतरांना देणे, आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देणे. पहिल्या घटनेत वापरकर्त्यांजवळ मुभा होती, दुसऱ्या घटनेत हक्क होता. मुभा देणाऱ्याच्या इच्छेने संपते. हक्क देणाऱ्याचा विचार बदलल्यावरही उरतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की सर्वसाधारण माणसाला कर्नलशी काही देणेघेणे नसते. सोर्स कोड त्याच्यापुढे ठेवला तरी तो वाचणार नाही, मग त्या हक्काचे त्याला काय मोल? आक्षेपात तथ्य आहे, पण तो हक्काचे स्वरूप चुकीचे समजतो. हक्क प्रत्येकाने स्वतः बजावलाच पाहिजे असे नसते. समाजातील थोड्यांनी तो बजावला तरी त्याचे फळ सर्वांना मिळते. माटे वापरणाऱ्या बहुतेकांनी त्याच्या कोडची एक ओळही लिहिलेली नाही, तरीही जुनी मांडणी त्यांच्यापाशी राहिली, कारण लिहू शकणाऱ्यांना कोणी अडवू शकले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ऑपरेटिंग सिस्टिम तरी अंतिम आधार कोठे आहे? ती फर्मवेअरवर, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम जागे होणाऱ्या सॉफ्टवेअरवर, विसंबते. फर्मवेअर प्रोसेसरवर विसंबते. प्रोसेसरच्या आतही मायक्रोकोड नावाचा सूचनांचा एक थर असतो, जो बहुतेक वापरकर्त्यांना पाहताही येत नाही. नागार्जुनाने प्रतीत्यसमुत्पादाच्या तत्त्वाचा आधार घेऊन, प्रत्येक वस्तू इतर कारणांवर अवलंबून उत्पन्न होते आणि स्वतःच्या बळावर उभी असलेली अशी कोणतीच वस्तू नाही, असे दाखवले होते. संगणकाची रचना वेदान्ताच्या अंतिम अधिष्ठानापेक्षा या विचाराला अधिक साक्ष देते. घडा ज्या मातीचा घडला ती हाती लागली म्हणून शोध संपत नाही. मातीलाही आपली कारणे असतात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ज्याने ऑपरेटिंग सिस्टिमवर हक्क मिळवला त्यानेही पूर्ण स्वातंत्र्य मिळवल्याचा अभिमान बाळगू नये. आणि अवलंबून असणे हाच दोष मानला तर कोणीच निर्दोष राहणार नाही. दोष अवलंबित्वात नसून, ज्याच्यावर अवलंबून आहोत त्याचे ज्ञान नसण्यात आणि त्याला जाब विचारण्याची वाट नसण्यात आहे.

या विवेचनाचा निर्णय असा की रूप बदलणारी सॉफ्टवेअरे आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांतील अंतर हे कमी-अधिक क्षमतेचे अंतर नाही. ते मुभा आणि हक्क यांतील अंतर आहे, आणि मुभेची कितीही बेरीज केली तरी तिचा हक्क होत नाही. रूपाची आवड माणसाने जरूर जोपासावी, तिच्यात आनंद आहे आणि उपयोगही आहे. परंतु आपली भाषा, आपली कागदपत्रे, आपला अभ्यास आणि आपली स्मृती ज्या साधनांत साठवली जाते, त्यांच्याविषयी वाचकाने एवढे तरी विचारावे की आज दिलेली सोय उद्या काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि ती काढून घेतली गेल्यास आपल्यापाशी काय उरेल. शाळा, ग्रंथालये, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांनी तर कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा आणि त्याचे लेखी उत्तर मिळवावे, कारण तेथे घेतलेला निर्णय एका माणसापुरता राहत नाही.